विजयदुर्गाच्या वाळूत रोवलेली काडी

आबांना समुद्र दाखवायचा हे निमित्त होतं. मला आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, एकच होकार हवा होता. यंदा पावसाळ्याआधी गावातलं घर बंद करायचं आणि कोल्हापुरात आमच्याजवळ राहायला यायचं. नृसिंहवाडीच्या अलीकडं, नदीकाठी आमचं गाव. मागच्या महापुरात आबा शेवटपर्यंत घरातच थांबले. त्यांना नावेतून बाहेर काढावं लागलं आणि गोठ्यात बांधलेली म्हैस बुडाली. घरी हा विषय काढला की ते उठून जातात. समुद्राच्या काठावरून उठून जातील कुठं, असा माझा डाव.

गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत मी मनात चार वेळा बोलायला सुरुवात केली आणि चारही वेळा फसलो. बायको म्हणाली, "गाडी नीट चालवा. नुस्तं ओठ काय हलवायलाय?" माशांच्या गावाला निघालो होतो आणि तिच्या मांडीवर मटणाचा डबा होता. कोल्हापूरकर दुसरं काय करणार.

विजयदुर्गला किल्ल्याच्या तटाला लागून वाळूचा छोटासा पट्टा आहे. बायकोनं तिथं चटई टाकली. मला बसवेना. उगाच चपला काढल्या, घातल्या, मोबाइल बघितला, पुन्हा खिशात टाकला. आबा मात्र समुद्राकडं पाठ करून तट बघत होते. खालच्या दगडांवर पाण्याची काळी रेघ होती. आमच्या गावातही भिंतीभिंतीवर अशी रेघ आहे, शेजारी पुराचं साल लिहिलेलं.

"हितपर्यंत कवा आलतं पाणी?" त्यांनी विचारलं.

"रोज येतंय, आबा. दिवसातनं दोनदा."

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी माडाच्या झावळीची एक काडी शोधली आणि पाण्याच्या कडेला रोवली. नदीला पाणी आलं की आमच्याकडं सगळे हेच करतात. काडी बुडाली तर पाणी चढतंय, कोरडी पडली तर उतरतंय. मला हसू आलं. हसायला नको होतं.

जेवायला बसलो तोवर भरती सुरू झाली होती. मी दोन घास खाल्ले नसतील, काडी दिसेनाशी झाली. आबा हातातली भाकरी तशीच धरून उभे राहिले.

"उठा. पाणी चढायलंय."

"मामा, जेवा की सावकाश," बायको म्हणाली. सासऱ्यांना ती मामाच म्हणते.

"भरती हाय ती, आबा. बसा. उतरंल," मी म्हणालो. ते बसेनात, तसा माझा धीर सुटला आणि घाटभर घोकलेलं सगळं बाजूला पडून भलतंच तोंडातून गेलं. "हितं एवढी घाई करताय, मग गावात का करत न्हाई? यंदा पावसाच्या आत घर बंद करून या आमच्याकडं."

आबा माझ्याकडं वळले. "तवा बी फोनवर तू हेच म्हणालतास. बसा, उतरंल."

बायकोनं चमकून माझ्याकडं पाहिलं. तिला, नातेवाइकांना, सगळ्यांना मी सांगत आलो होतो की आबांनी कुणाचं ऐकलं नाही. खरं तर महापुराच्या त्या दिवशी ते म्हैस गोठ्यातून सोडून, तिचं दावं हातात धरून दारात उभे होते. निघू का, म्हणून त्यांनी मला फोनवर विचारलं. मी ऑफिसात होतो. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं वाचलं होतं की आता पाणी ओसरणार. त्याच्या भरवशावर मी त्यांना थांबवलं. ही गोष्ट आबांनी आजवर कुणाजवळ काढली नव्हती, आणि मी त्यांच्या गप्प बसण्याचा फायदा घेतला होता.

लाट चटईच्या काठाला लागली. आबांचा आवाज चढला नाही.

"तुझ्या शब्दावर म्हस परत बांधली. आता तुझ्याच शब्दावर घर सोडू व्हय?"