लाटण्याला कान

माझे भावजी पंपवाले. म्हणजे पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात. इमारतींच्या टाक्या, तळघरं, विहिरी, जिथे मोटर बसते तिथे ते उतरतात. त्यांची एक खोड आहे. मोटर उघडायच्या आधी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग सांगणार, बेअरिंग गेलंय, नाहीतर हवा धरतेय. तीस वर्षांत दोनदा चुकले, असं ते स्वतःच सांगतात. मी म्हणते, दोनदा कबूल केलं असेल.

मला हा माणूस पहिल्यापासून पसंत नव्हता, हे कशाला लपवू? ताईला शंभरजण मिळाले असते. हिने निवडला तो नखांत ग्रीस घेऊन फिरणारा, तोंडाला कुलूप घातलेला. कधी उठून पेलाभर पाणी घेतलं नसेल त्याने हाताने. त्यामुळे ताईचं हृदय निकामी झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की दुसरं हृदय मिळेपर्यंत छातीत पंप बसवावा लागेल, घरी चोवीस तास कोणीतरी तयार माणूस हवा, तेव्हा मी सरळ जाहीर केलं, ताई माझ्या घरी येईल.

भावजी म्हणाले, "बघू."

हॉस्पिटलवाल्यांनी आम्हा दोघांची परीक्षा घेतली. खरोखरची. पंपाची एक तार पोटातून बाहेर येते, ती कमरेच्या डबीला जोडलेली, आणि डबीला दोन बॅटऱ्या. नियम एवढाच की दोन्ही बॅटऱ्या एकदम कधीच काढायच्या नाहीत. एक बदलायची, दिवा हिरवा झाला की दुसरी. मी शाळेत गणित शिकवते, तीस वर्षं पोरांना नापास करत आले. सरावाच्या डबीवर मी काय करावं? दोन्ही हातांनी दोन्ही बॅटऱ्या उपटल्या. ती डबी अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. शिकवणारी सिस्टर शांतपणे म्हणाली, "पेशंट गेला, मॅडम."

भावजींनी मात्र आधी हात धुतले. मग एक बॅटरी, मग दिवा, मग दुसरी. "चालू मोटरला हात घालताना एक हात खिशात ठेवायचा असतो," एवढंच बोलले. ताई त्यांच्याच घरी गेली. मी चार दिवस फोन केला नाही, रागाने नाही, लाजेने.

पंप बसल्यावर ताईची नाडी गेली. घाबरू नका, तो पंप रक्त सलग ढकलतो, ठोके देत नाही. गल्लीतल्या दवाखान्यात तिचं मनगट धरून बसलेल्या नवीन डॉक्टरची पाचावर धारण बसली होती, आणि ताई समोर बसून त्याला म्हणत होती, "नका शोधू, नाहीये." छातीला कान लावला तर फक्त बारीक गुणगुण. भावजींना तो आवाज पाठ झाला.

कसा पाठ झाला तेही सांगते. एका रविवारी सकाळी मी न सांगता गेले. दार उघडंच होतं. आत ताई खुर्चीत बसलेली, आणि भावजी गुडघ्यांवर बसून तिच्या बरगडीला लाटणं लावून, दुसरं टोक कानाला टेकवून, डोळे मिटलेले.

"अहो, हे काय चाललंय?" माझा पारा चढलाच. "जंतू लागले म्हणजे?"

"हे लाटणं वेगळं आहे. साबणाने धुतलंय, स्पिरिटने पुसलंय. स्वयंपाकाचं तिकडे." त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "स्क्रू-ड्रायव्हर टोचेल तिला."

ताई हसत होती. "रोज सकाळी सर्व्हिसिंग असतं माझं."

मग ते मला म्हणाले, "ऐकून बघता का?" मी नको म्हटलं. खरं सांगते, मला भीती वाटायची. बहिणीच्या छातीत ठोका नाही, हे मला कानाने ऐकायचं नव्हतं.

असे एकोणीस महिने गेले. सगळी मदार होती एका गोष्टीवर, हृदय मिळेपर्यंत ताई धडधाकट राहायला हवी. तार बाहेर येते त्या जागेला संसर्ग झाला की हृदयासाठी थांबलेल्यांच्या यादीतलं नाव बाजूला. त्या बोटभर जागेसाठी भावजी एक दिवसाआड मास्क लावून, हातमोजे घालून पट्टी बदलायचे. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बोलणंही बंद. ते तर त्यांना जमायचंच. नखांतलं ग्रीस गेलं. मी त्या नखांकडे बघायचे आणि मला माझ्या जिभेची लाज वाटायची.

कामं त्यांनी निम्मी केली, तीही शाळा सुटून मी ताईपाशी आले की; बॅटऱ्यांची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झाले होते. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात लटकवलेला. कुठे बोलावलं की आधी तळघरात उतरून रेंज बघायचे, रेंज नसेल तर कितीही मोठी मोटर असो, "दुसऱ्याला बोलवा." लोक म्हणायचे, पंपवाल्याचं डोकं फिरलं. म्हणू देत.

एकदा हॉस्पिटलचा फोन आला, हृदय मिळतंय म्हणून. आम्ही धावलो, ताईला आत घेतलं, आणि चार तासांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की ते हृदय चालण्यासारखं नाही. परत घरी. रिक्षात मी रडून घेतलं. भावजी घरी आले, हात धुतले आणि पट्टी बदलायला बसले, कारण तो पट्टीचा दिवस होता.

दुसरा फोन आला तेव्हा ते एका इमारतीच्या गच्चीवर होते. या वेळी हृदय चांगलं निघालं. कोणाचं, ते आम्हाला सांगत नाहीत. कुठल्या तरी घरात त्या दिवशी आकाश कोसळलं होतं आणि त्या घरातल्या माणसांनी तशातही हो म्हटलं.

दोन-अडीच महिन्यांनी ताई घरी सरावली. जखम भरेपर्यंत लाटणं खिळ्यावरच टांगून होतं, आता ती भरली. पोटातली तार गेली, डबी गेली, बॅटऱ्या हॉस्पिटलला परत गेल्या. एका दुपारी मी मास्क लावून तिच्याजवळ बसले होते. भावजींनी खिळ्यावरचं लाटणं काढलं, पुसलं, सवयीने बसले आणि कान लावला.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. उठले आणि थेट हॉस्पिटलच्या सिस्टरला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"ताप आहे का?" सिस्टरने विचारलं.

"नाही."

"धाप? सूज? वजन वाढलंय?"

"नाही. सकाळीच वजन केलं."

"मग झालंय काय, काका?"

"आवाज येतोय," भावजी म्हणाले. "ठोकतंय आतून. मिनिटाला नव्वदच्या वर."

मग ती बाई अगदी हळू म्हणाली, "काका, हृदय आहे ते. त्याने ठोकायलाच हवं."

भावजी फोन हातात धरून उभेच राहिले. डोक्याला सगळं माहीत होतं हो, आयसीयूत पडद्यावर ठोके बघितले होते त्यांनी. कानाला कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं त्या कानाला एकच ठाऊक, ठोकणारी मोटर म्हणजे बिघडलेली मोटर.

माझा जीव भांड्यात पडला. ताई छातीवर उशी दाबून हसत होती, छातीचं हाड दुखेल म्हणून हसू आवरत होती आणि ते आवरत नव्हतं. आणि भावजी खाली बसले, पाठ भिंतीला टेकवली आणि रडले. एकोणीस महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पट्टीच्या दिवशी नाही, हृदय परत गेलं त्या दिवशीही नाही.

मी त्यांना पाणी आणून दिलं. पेला त्यांच्या हातात दिला आणि लाटणं घेतलं.

"द्या इकडे," म्हटलं. "मला ऐकायचंय."

ताईने पदर बाजूला केला. मी एक टोक बरगडीला लावलं, दुसऱ्याला कान. थोडा वेळ माझाच श्वास ऐकू येत होता. मग आलं ते. घाईघाईत, दणदणीत, आमच्या ताईच्या छातीतून.

भावजी नाक पुसत माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतंय?"

"ठोकतंय," मी म्हटलं.

"ठोकू दे," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.