अँटेनाला कुंकू

माझ्या मीटरचा काटा ढिम्म हलत नव्हता आणि साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात. पाथर्डीजवळ माळावरच्या एका शेतात आमची टेस्ट चालली होती. समोरच्या टेकडीवर ट्रान्समीटर, इकडे दोन रिसीव्हर.

एक साहेबांचा, जुना. त्यात लहरी पकडायला हॉर्न, म्हणजे पितळी कर्णा. त्या लहरींची वीज करायला डायोड. मधे हातभर नळी. आमच्या लहरी फार आखूड, ज्वारीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत एवढ्या. नळीतून जाताना त्यांचा जोर कमी व्हायचा. म्हणून मी अँटेना आणि डायोड काड्यापेटीएवढ्या एकाच वडीवर बसवले होते. हा दुसरा रिसीव्हर माझा; त्यावर वर्षभर राबलो होतो.

साहेबांचा काटा झकास चढलेला.

"शेख, गुंडाळा," ते म्हणाले. "हे काम आजपासून बंद."

काल लॅबमध्ये तर चाललं होतं. वडी निरखून पाहिली आणि उलगडा झाला. शेत सगुणाबाईंचं. दहा मिनिटांपूर्वी त्यांनी वडीवर ओलं हळदकुंकू लावलं होतं. "नवं यंत्र हाय, कुंकवाबिगर कसं चालंल?" आमच्या लहरी पाण्यात जिरतात, आणि कुंकू चांगलं थबथबीत होतं.

सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते, नाचता येईना, अंगण वाकडं. मी सगुणाबाईंकडे गेलो.

"बाई, कर्ण्याला राहिलं की."

"त्यो जुना हाय ना?"

"जुना असला तरी थोरला. मान त्याचा."

"व्हय की, चुकलंच माझं."

कर्ण्याच्या तोंडावर धुळीसाठी पातळ प्लॅस्टिक ताणलेलं होतं. बाईंनी त्यावर सढळ हाताने कुंकू माखलं. साहेबांनी हात जोडले. त्यांचा काटा खाली बसला.

त्यांनी मीटरवर टिचकी मारली. बॅटरी बदलली. केबल हलवून पाहिली. मग कर्ण्याकडे पाहिलं, वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाणी," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही हात जोडलेत, त्याच्या जरा आधी."

बाईंच्या देखत कुंकू पुसायचं कसं? त्यांच्या हातचा चहा घेत उन्हात थांबलो. कप रिकामे होईपर्यंत कुंकू वाळलं आणि दोन्ही काटे उठले. माझा साहेबांच्या काट्यापेक्षा दोन घरं पुढे गेला. साहेबांनी दोनदा वाचून वहीत लिहिलं, 'काम चालू ठेवावे.' मला तिथेच नाचावंसं वाटलं.

पुढच्या प्रत्येक टेस्टला साहेब स्वतः कुंकू लावायचे, पण ट्रायपॉडच्या पायाला. यंत्राची पूजा जरूर करावी, मात्र तोंडाला हात लावू नये.