हळदीकुंकवाच्या फ्लॉप्या

जगातले सगळे संगणक एका दिवसात बंद पडले, तर ते पुन्हा सुरू करायला एकच माणूस पुरेल, आणि तो म्हणजे दिघीला राहणारे माझे थोरले साडू. अट एवढीच, की ते संगणक पंचवीस वर्षांपूर्वीचे असावेत. नव्या यंत्राला ते हात लावत नाहीत. "त्यांना इचारणारी माणसं रगड हायत," म्हणतात. फ्लॉपी म्हणजे काय हे आता सांगावं लागतं: तळहाताएवढी चपटी चौकोनी डबी आणि आत काळी चकती. ती पोटात गेल्याशिवाय जुनी यंत्रं डोळाच उघडत नसत. खाडीच्या दमट हवेत तिला बुरशी धरते, म्हणून साडू फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात तांदळात पुरून ठेवतात. एकदा ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, घाईत त्याच तांदळाचा भात लावला. साडू दोन घास जेवले आणि शांतपणे म्हणाले, "चकत्या काढल्यास ना?" मी एकदा पेनड्राइव्हचं सुचवलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "साडूभाऊ, ज्याला जन्मात बघितला न्हाय, त्याच्या हातात यंत्र घराची चावी देईल व्हय?"

त्यांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे खाडीपलीकडे आगरदांड्याला भरतकाम करणाऱ्या एक बाई. नवरा गेल्यावर त्यांनी कुठूनसं एक जुनं भरतकामाचं यंत्र घेतलं. ते फ्लॉपीवरच उठतं आणि त्यावरच त्यांचं घर चालतं. फ्लॉपी झिजली की साडू नवी भरून देतात. यंत्र विकणाऱ्याने कधीच हात वर केले होते.

गेल्या दसऱ्याला मी दिघीलाच होतो. साडूंनी हत्यारांसोबत डबाही पूजेला मांडला. ताईंनी मनोभावे एकेक फ्लॉपी घेतली, तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं आणि आतल्या काळ्या चकतीला ओलं हळदीकुंकू लावलं. वर अक्षताही. "वरनं लावलं तर आत पोचंल कसं?" हे त्यांचं म्हणणं. डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या पावन झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी आगरदांड्याहून फोन आला. "भाऊ, फ्लॉपी झिजली, मशीन उठत न्हाय. नवरीचे बारा ब्लाउज अर्धे पडलेत, परवा द्यायचेत."

साडूंनी कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, दुपारपर्यंत चकत्या पुसल्या. एकही वाचली नाही. ताई रडवेल्या झाल्या, तेव्हा म्हणाले, "तुझं काय चुकलं? देव म्हणून मीच मांडलेलं."

धड अशी एकच फ्लॉपी उरली होती. पूजेच्या वेळी ती त्यांच्या स्वतःच्या पहिल्या संगणकाच्या तोंडात होती, म्हणून वाचली. तो संगणक बाकी काहीच करत नाही. मुलीने शाळेत असताना त्या फ्लॉपीत एक ओळ लिहून ठेवली होती. संगणक उठला की पडद्यावर यायचं, "बाबा, चहा घेतला का?" मुलगी आता परदेशात असते. साडूंनी त्या फ्लॉपीची नक्कल दुसऱ्या संगणकात ठेवली, पण ती पेटीतल्या फोटोसारखी, आपणहून उठून बोलणार नाही. मग फ्लॉपी कोरी केली आणि त्याच संगणकात राखलेलं बाईंच्या यंत्राचं सामान तिच्यावर उतरवलं.

आम्ही फेरीबोटीने पलीकडे गेलो. यंत्र खरखरलं, सुई हलली, अर्धं राहिलेलं आंब्याचं पान पुरं झालं. बाईंनी डोळ्याला पदर लावला. परतताना साडू म्हणाले, "ब्लाउज झालं पाहिजेत. चहाचं काय, मी घेतोच."

मी उरणला परतलो. आता इथल्या प्रत्येक भंगारवाल्याकडे थांबतो आणि एक तरी चांगली फ्लॉपी आहे का, म्हणून विचारतो. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मी वीस वर्षं साडूंकडे बघत आलो.