जोडीनं बघायची मालिका

कचरूभाऊंना अंतराळाचं वेड लागलंय, असं त्यांच्या गावी, लासूर स्टेशनला जाऊन सांगितलं तर माणसं पोट धरून हसतील. उभा जन्म वाळूजच्या कंपनीत माल चढवण्या-उतरवण्यात गेला, अन् साठीत हा माणूस अंतराळयानं नि परग्रह घेऊन बसला! पण वेड काय उगाच लागत नाय. बायको, केसरबाई, गेली अन् गारखेड्याच्या घरात बाप नि पोरगा सार्थक दोघंच उरले. दोघंही घुमे. जेवताना ताटांचा आवाज व्हायचा तेवढाच. एक दिवस सार्थकनं मोबाईल तांब्याला टेकवून ‘यान सतरा’ ही अंतराळातली मालिका लावली, हिंदीतली. बापानं विचारलं, “हा हिरवा कोण रं?” तिथून बोलणं सुरू झालं. एकट्यानं बघायचं नाय, जोडीनंच, ही शपथ सार्थकनंच घातली होती.

मग पोरगं नोकरीला हैदराबादला गेलं. रविवारी फोन यायचा. “जेवले का?” “जेवलो. तू?” एवढ्यावर गाडी अडायची, अन् मग कोणीतरी मालिकेतल्या यानाच्या कप्तानीणबाईचा विषय काढायचं. मागच्या पर्वात शेवटी ती यानाबाहेर राहिली होती. ती वाचली का मेली, यावर बापलेक वर्षभर भांडले. नव्या पर्वाचा पहिला भाग जालना रोडच्या मॉलमधल्या थेटरात दाखवणार म्हटल्यावर दोन पास सार्थकनंच काढले. “येतो मी पप्पा. सोबतच बघू.”

कचरूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून बरेच आधी पोचले. आत सगळी कॉलेजची पोरं, कोणी तोंड निळं रंगवलेलं, कोणी चंदेरी कोट घातलेला. भाऊंनी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा. मागची पोरगी म्हणाली, “काका, सीटला नंबर असतो. कोणी नाही घेत.”

“असू दे बाई. गर्दी लई हाय.”

गर्दीला काय करायची होती ती खुर्ची! पण आपलं माणूस येणार म्हटल्यावर जागा धरायची असती, एवढंच त्यांना ठाऊक.

दिवे मंदावले तरी खुर्ची रिकामीच. फोन केला, सार्थकनं उचलला नाय. यानाचं संगीत सुरू झालं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, अन् भाऊ पाय सावरत बाहेर आले. शपथ मोडायची कशी?

बाहेर बराच वेळ ताटकळल्यावर पोराचा फोन आला. “पप्पा, सॉरी, सांगायचंच राहिलं. सुट्टी नाय मिळाली. तुम्ही बघून घ्या. मी कालच बघितलं. इथं पण शो होता, ऑफिसच्या पोरांनी ओढूनच नेलं.”

भाऊंना राग आला. अरे, सांगायचं तरी होतंस, असं अगदी ओठावर आलं. पण आता चिडून फोन ठेवला, तर पुढच्या रविवारी बोलायचं काय? त्यांनी राग गिळला.

“मग वाचली का रं ती?”

सार्थक खुलला. “ऐका तर पप्पा. तिला बाहेर कोणी सोडलं, माहितीय?” अन् असा सुटला की विचारू नका. इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. भाऊ भिंतीला टेकून नुसतं ‘हं, हं’ करत राहिले. एवढ्यात तो म्हणाला, “थांबा, साहेबांचा फोन येतोय. राहिलेलं रविवारी सांगतो. पण तुम्ही तर आता बघणारच की.”

“नाय रं. त्या आवाजानं डोकं ठणकतंय. घरी चाललोय. तूच सांग.”

फोन बंद झाला. पोराशी खोटं बोललो, याचं त्यांना वाईट वाटलं. दारावरच्या माणसानं दार लोटून धरलं. “जा की आत काका, अजून अर्धं बाकी हाय.”

आतून टाळ्यांचा कडकडाट आला. कप्तानीणबाईच असणार. भाऊंचं एक पाऊल पुढं पडलं होतं, ते त्यांनी मागं घेतलं.

“नको,” ते म्हणाले. “मी बघितलं तर पोराला सांगायला काय उरंल?”