सोमवारी नाकारलेला पापड

माझ्या रक्तातलं सोडियम कमी झालं आणि त्याचा दोष थेट माझ्या सोमवारांवर आला. गुडघेदुखी थांबावी म्हणून मी दर सोमवारी अळणी उपास धरला होता. बदलापूर गावातून अंबरनाथच्या शिवमंदिरात जायचं, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात डोकं टेकायचं आणि दिवसभर मिठाला शिवायचं नाही. गुडघे दुखायचे काही थांबले नाहीत. उलट चालताना झोक जायला लागला, भूक मेली. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, उपास बंद करा, मीठ वाढवा. झालं, बायकोच्या हाती कोलीतच मिळालं. ताकात मीठ, पेरूवर मीठ, लोणचं तर औषधासारखं दोन वेळा. व्याही फोनवरून आणि शेजारी गॅलरीतून मिठाचेच उपदेश करायचे. अगदी वैताग आला. तीन सोमवार मोडले, तरी पुढच्या तपासणीत सोडियम आणखी खाली. मग मी देवाशीही भांडलो. मीठ सोडलं तरी तुला चालत नाही, खाल्लं तरी नाही, मी करू तरी काय?

चौथ्या सोमवारी निव्वळ हट्टाने, बायकोला न सांगता, पुन्हा उपास धरला. नेमका त्याच दिवशी मिक्सर बिघडला म्हणून उल्हासनगरला गेलो. दुकानदार वयस्कर सिंधी गृहस्थ. त्यांच्यात आल्यागेल्यापुढे पापड-पाणी ठेवतात, तसं त्यांनी ठेवलं. मी नको म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरला. नाइलाजाने उपास सांगावा लागला, आणि एकदा तोंड उघडल्यावर सोडियम, डॉक्टर, बायको, सगळीच गाऱ्हाणी बाहेर पडली. मिक्सर बाजूला सारून त्यांनी ती ऐकून घेतली.

"भाऊ, माझ्या मोठ्या भावाला सेम झालेला," ते म्हणाले. "सगळे नमक खिलवत होते, आणि बीमारी निघाली फेफड्यात. खोकला पण नव्हता. तुम्ही मोठ्या डॉक्टरला भेटा, छातीचा फोटो काढा."

आता मिक्सरवालाही उपदेश करणार, असं मनात म्हणत मी उठलो. पण ते बोलणं डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन छातीचा फोटो काढला. फुप्फुसात गाठ निघाली, कर्करोगाची. विडी सोडून बारा वर्षं झाली होती, मी निर्धास्त होतो. तज्ज्ञ म्हणाले, अशा काही गाठींमुळे शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. त्यात माझ्या उपासाचा दोष नव्हता. गाठ अजून पसरली नव्हती. मग औषधं झाली, किरणं झाली. केस गेले, चिडचिड तेवढी राहिली.

आज तपासण्या ठीक आहेत. पुढचं मला माहीत नाही. त्या दिवशी पापड खाल्ला असता तर मुकाट मिक्सर घेऊन घरी आलो असतो, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी गुडघे मागितले होते, ते आजही दुखतात. काय मागावं हेच आपल्याला कळत नाही, एवढं मला कळलं. आता गाभाऱ्यात नुसता हात जोडून उभा राहतो. डॉक्टरांनी माझे उपास कायमचे बंद केलेत. बायकोने ते आपल्याकडे घेतले. सोमवारी ती अळणी आमटी-भात जेवते आणि माझ्या ताटात आठवणीने मीठ वाढते. मी ते निमूट खातो.