उशिरा पोचणारी दाद

आईचे गुडघे गेले आणि तिला घराचा वरचा मजला बंद झाला. वर माझा गाण्याचा वर्ग चालतो, मुली सगळ्या इथल्या हिंदी बोलणाऱ्या. खरं तर तो तिचाच. मी नुसती तिची पेटी पुढे ओढून बसले. खालच्या खोलीत पडल्या पडल्या तिला वर्ग ऐकता यावा म्हणून माझ्या नवऱ्याने वर माइक लावला आणि तिच्या उशाशी वायफायवर चालणारा स्पीकर ठेवला. ती ऐकायची स्पीकरवर, पण उत्तर द्यायची स्वतःच्या गळ्याने, आणि तो गळा जिना चढून थेट आमच्यापर्यंत यायचा.

घोळ झाला तो इथेच. आमचं गाणं वायफायमधून रखडत तिच्याकडे पोचायचं. एखादी मुलगी समेवर छान आली, की खालून "वा!" यायचं ते दुसरी सपशेल बेसूर गायल्यावर. मुली फिदीफिदी हसायच्या. एकदा एकीला नुसता खोकला आला आणि खालून "क्या बात है!" आलं. त्या दिवशी हसू जरा जास्तच झालं, आणि तेही स्पीकरमधून आईपर्यंत पोचलं, उशिरा का होईना.

त्यानंतर खालून काही येईना. जेवताना विचारलं तर म्हणाली, "काहून बोलू? मी वा म्हणते तेव्हा तुमची गाडी पुढच्या स्टेशनावर असते." मला भयंकर राग आला; तिचा नाही, त्या डबड्याचा. आईने दाद देणं सोडलं म्हणजे तिने गाणंच सोडलं, आणि ते मी होऊ देणार नव्हते.

वायफाय सोडून तार टाकायचं ठरलं. कोणती, यावरून मात्र घरात रण माजलं. नवऱ्याला फायबर हवं होतं. "काचेतून उजेड धावतो, त्याहून वेगवान काय आहे?"

"अहो, एका जिन्याचं अंतर! त्यात तांब्याच्या तारेला हरवून तुमचा उजेड काय बक्षीस घेणार?"

आई मधेच म्हणाली, "फायबर नको हं जावईबापू. न्हाणीचा दरवाजा फायबरचाच आहे न, तडकला पाहा कसा." आमच्याकडे सगळे प्लास्टिकलाच फायबर म्हणतात, त्यात तिचं काय चुकलं! हे काचेचं असतं म्हटल्यावर ती आणखीच घाबरली. "काच? अन् जिन्यावर रोज झाडू आपटून राहिले तुम्ही!"

निकाल लागला तो भलत्याच गोष्टीवर. फायबरच्या दोन्ही टोकांना एकेक डबी लागते आणि त्या डबीला वीज. आमचा इन्व्हर्टर फक्त वरच्या मजल्यावर, आणि उन्हाळ्यात लाइट जाते ती नेमकी वर्गाच्या वेळेला. इथरनेटच्या म्हणजे तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर स्पीकरपुरती वीजही खाली नेता येते. त्या तारेवर चालणारा स्पीकर तेवढा नवा घ्यावा लागतो. हे शोधून काढलं नवऱ्यानेच, आणि तोंड पाडून मला सांगितलं. मी मिरवलं नाही. म्हणजे, फार नाही मिरवलं. दोघं मिळून कमानिया गेटच्या बाजारात गेलो आणि तारेचं भेंडोळं आणि तसला स्पीकर घेऊन आलो.

तार लागली त्या संध्याकाळी वर्ग सुरू होतो न होतो तोच लाइट गेली. मी मुलींना यमन दाखवत होते. खाली अंधार असणार, पण तारेच्या जोरावर स्पीकर चालू असेल अशी आशा होती. मी त्यातला तीव्र मध्यम लावला, आणि तो अजून गळ्यातच होता तेवढ्यात खालून आलं, "मध्यम चढव जरा! काहून आळस करून राहिली?"

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. या वेळी कोणी हसलं नाही, कारण चूक माझीच होती आणि ती सगळ्यांनी आत्ताच ऐकली होती. मी मध्यम चढवला, फिरून समेवर आले, आणि अगदी समेवर खालून "हां!" आलं.

मी गाणं थांबवून पेटीवर नुसता सा धरून ठेवला. मुलींना म्हटलं, "चलो, अब तुम लोग गाओ. दादीजी सुन रही हैं."