नऊ माणसांची होडी

माझ्या भावोजींचा असा समज होता की होडीतून फिरायला जायचं म्हणजे रविवारी लवकर उठायचं, डबे भरायचे आणि होडीत जाऊन बसायचं. मुंबईत राहणारा माणूस, त्यात बँकेतला. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका मे महिन्यात ताई, ते आणि त्यांची दोन मुलं आमच्याकडे राहायला आली होती. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी सगळ्यांनी होडीने तारकर्लीला जायचं, समुद्रावर जेवायचं आणि संध्याकाळी होडीनेच परतायचं. वर होडीला छप्पर हवं, मुलांना ऊन बाधतं.

"नदीला रविवार कळत नाही, भावोजी," मी म्हटलं. "आणि छपराची होडी पुलाखालून जायची नाही. छप्पर पुलाला ठेवून तुम्ही पुढे जाल."

आमचं गाव कुडाळच्या खालच्या अंगाला, कर्ली नदीला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठावर. खाडीतून नदीत उतरायचं तर वाटेत एक पूल आडवा येतो. दगडी खांबांचा, बुटका, कधीकाळी बैलगाड्यांसाठी बांधलेला. भरती पुरी भरली की त्याच्याखाली होडी मावत नाही, आणि ओहोटी पुरी लागली की खालच्या दगडांवर होडी बसते. मधल्या पाण्यात जायचं, आणि तेही सगळ्यांनी होडीत आडवं पडून. खांबांना कालवं, म्हणजे धारदार शिंपल्या, चिकटलेली असतात. चुकून हात लागला तर सोलून निघतो.

मी शाळेत भूगोल शिकवत होते, आणि हुकूम सोडायची सवय मला शाळेच्या आधीपासूनची. पंचांग घेऊन ओटीवर बसले. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी चढतंही भरपूर आणि उतरतंही भरपूर. तो दिवस आपल्या कामाचा नाही. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, ते फार चढत नाही, फार उतरत नाही. अष्टमीला उजाडताना भरती संपते. मग ओहोटी आपसूक खाली समुद्राकडे नेते आणि दुपारनंतरची भरती परत वर आणते. बुटक्या पुलाला याहून सोयीचा दिवस नाही. अष्टमी बुधवारी येत होती. भावोजींचं तोंड एवढंसं झालं, पण मी काही बधले नाही.

तरीवरच्या, म्हणजे खाडी ओलांडायच्या धक्क्यावरच्या होडीवाल्याला बोलावून विचारलं. आम्ही त्याला तारी म्हणायचो. तो म्हणाला, "बाय, दिवस बरो धरलास. पण परतताना येळ करू नकात. पाणी भांगाचां झालां म्हणान पूल काय उंच होवचो नाय."

एवढ्यात आतून आई म्हणाली, "मी पण येतंय."

बाबा सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. आईने बारा वर्षं पाण्यात पाय घातला नव्हता. पलीकडच्या वाडीत लग्न असलं तरी ती होडीने जात नसे. डांबरी रस्त्यापर्यंत चालत जाई, एस.टी. पकडी, वळसा घालून पोचे आणि जेवणाच्या पंगती उठल्यावर हजर होई.

बारा वर्षांपूर्वी आमचा दादा त्या पुलाकडे कालवं काढायला म्हणून छोटी होडी घेऊन गेला होता. अमावस्येची ओहोटी होती, पाण्याला ओढ होती. दुसऱ्या दिवशी होडी तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाळूत लागलेली मिळाली. आत कालवांची टोपली होती, ओली. दादा नव्हता. पुष्कळ शोधलं, पण काही हाती लागलं नाही. मग महिन्याभराने कोणीतरी सांगत आलं की बांद्याच्या बाजारात गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकवर तसाच एक मुलगा बघितला. सांगणाऱ्याने चांगल्या मनाने सांगितलं असेल. पण शिरा पडो त्याच्या तोंडावर, आईचा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला तो लागलाच. बांद्याकडचा माणूस भेटला की ती त्याला विचारी. ओहोटी लागली की पुलाखाली पाणी घशातून उतरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आमच्या मागच्या पडवीपर्यंत पोचायचा, आणि हातातलं काम ठेवून आई तिथे जाऊन उभी राहायची. लहानपणी मी कानांवर उशी दाबून झोपत असे. मोठी झाल्यावरही फार फरक पडला नव्हता.

बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याची दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्या वर्षी बारा पुरी झाली. बाबांनी भटजींना विचारून ठेवलं होतं, पावसाआधी उरकायचं म्हणून. आई ऐकत नव्हती आणि आईच्या होकाराशिवाय बाबा करणार नव्हते. घरात तो एकच विषय होता आणि दोघांची चार वाक्यं ठरलेली होती.

"तो गेलो. पाण्यान नेलो. आता तरी त्याका सोड."

"जित्या झिलाक जाळूक सांगतास माका?"

त्यानंतर दोन-दोन दिवस अबोला. बाबांचा मला फार राग यायचा. एवढ्या कोरडेपणाने आपल्या मुलाबद्दल कोणी बोलतं का, असं वाटायचं. आईचाही यायचा. मधल्या मध्ये मी पिचून जात होते.

बुधवारी पहाटे आम्ही तरीवर गेलो. आई, बाबा, ताई, भावोजी, दोन मुलं, मी आणि तारी. तिथे वडाखाली राखणदाराचा दगड आहे. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी पाण्यात लांब जात नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. बाबांचं गाऱ्हाणं गावात नावाजलेलं होतं. लग्न असो, विहीर असो, बोलावणं बाबांनाच. त्यांनी डोक्याचं फडकं सोडून हात जोडले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरां तुझ्या पाण्यात होडी घालतत…"

"व्हय म्हाराजा."

"ही नव माणसां जातत. होडयेत बसान जातत, तशीच होडयेत बसान नवच्या नव सुखरूप घराक घेवन ये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणून गेलो. लयीत तोंडून निघूनच जातं.

भावोजी चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "नऊ कसे? आठच आहोत ना आपण?" ताईने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. बाबांनी नारळ फोडला, होडीत जाऊन बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही.

जाताना पुलाखालून सुरळीत निघालो. माझा हिशेब अगदी बरोबर होता, पण कौतुक करून घ्यायचं मला सुचलं नाही. आई नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाला बसली होती आणि तिच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती. ताईचा धाकटा तिथे जाऊन बसायला लागला तर आईने त्याला धरून उठवलं. "थंय नको रे, हंयसर ये," असं म्हणून मांडीवर घेतलं. ते बघून तारी गाणं गुणगुणायचा थांबला. नदी रुंद होत गेली, दोन्ही काठांना माड आले, भावोजी मुलांना धीवर पक्षी दाखवत होते आणि मी त्या रिकाम्या जागेकडे बघायचं नाही असं ठरवून सारखी तिकडेच बघत होते.

तारकर्लीला ओळखीच्या घरी जेवणाची सोय केली होती. आई जेवली नाही. वाळूत दादाची होडी लागली होती ती जागा तिने बाबांना विचारली. बाबांनी लांबून हात केला. ती तिथे जाऊन बसली, ऊन उतरेपर्यंत.

परतायला उशीर झाला तो भावोजींमुळे. अजून एकदा पाण्यात जातो, अजून एकदा. मी दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ताईशी भांडले. शेवटी निघालो तेव्हा भरती आमच्या पुढे निघून गेली होती. पुलाशी आलो तर पाणी तुडुंब. कमानीखाली वीतभर उजेड दिसत होता. दिवस मावळतीला टेकला होता.

"आता ओहोटी लागासर रवाक व्हया," तारीने काठी रोवून होडी बांधली. म्हणजे पाणी उतरेपर्यंत इथेच थांबायचं.

भावोजी म्हणाले, बांधावरून घर दहा मिनिटांवर आहे, चालत जाऊ. ताई, मुलं आणि ते उतरले. मी आईला हात दिला. तिने तो घेतला नाही.

"मी उतरूचंय नाय."

"आये, काळोख होतलो."

"गाऱ्हाण्यात काय सांगितल्यानी? होडयेत बसान जातत, होडयेत बसान येतले. नव जणां इलंव." तिने शेजारच्या जागेवर हात ठेवला. "तो उतराक नाय, मगे मी कशी उतरू?"

भर मे महिन्यात मला थंडी वाजत होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्या जागेपासून लांब सरकावंसंही वाटलं. बाबा खाली मान घालून बसले होते. आई त्यांच्याकडे वळली.

"तुमी नव कित्याक म्हटलास?"

"तोंडातसून गेला."

"आज गेला?"

बाबांनी डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बारा वर्सां जाता. घरची माणसां म्हटला की मी त्याका धरून सांगतंय. गणपतीक, देवळात, खंयय. देवाक कसा सांगू, तो गेलो म्हणान? आणि खंय जितो आसलो तर? माझ्या तोंडान त्याका मारू?"

"आणि माका रोज सांगतास, तो गेलो."

"तुझो जीव सुटाक व्हयो म्हणान सांगतंय."

आईने पदर तोंडावर धरला. ती रडली नाही, निदान मला तसं दिसलं नाही. "माका वाटला, मी एकटीच," एवढंच ती म्हणाली. मी इतकी वर्षं बाबांवर डूख धरून होते, ते सगळं त्या एका मिनिटात पाण्यात गेलं. मला त्या दोघांची भयंकर दया आली आणि रागही आला. एका छपराखाली, एका ताटाच्या अंतरावर बसून दोघं एकाच मुलाची वाट बघत होती आणि एकमेकांना सांगत नव्हती.

पाणी थबकलं. मग पुलाखालून तो आवाज सुरू झाला. मी तो इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. तारीने थोडं थांबून पाणी पाहिलं आणि म्हणाला, "आता जावया. निजा सगळी."

आम्ही आडवे झालो. आई एका कडेला, बाबा दुसऱ्या, मधे जागा सोडून. मी त्यांच्या पायांशी. होडी कमानीखाली शिरली आणि सगळं काळं झालं. दगडाचा ओला वास आला. मधोमध येऊन होडी थांबली. खाली कुठेतरी दगड घासल्याचा आवाज आला. तारीने काठीने जोर लावला, पुन्हा लावला.

"सकाळी आठ माणसां होती तरी टेकाक नाय," तो हळूच म्हणाला. "आता चार. जड कशी लागता?"

मला कारणं सुचत होती. सकाळचं पाणी वेगळं, आताचं वेगळं, गाळ सरकला असेल. एकही कारण तिथे काळोखात मला पटेना. बाबांचा श्वास ऐकू येत होता. आई हलली. तिचा हात मधल्या जागेवर फिरत असल्याचा, बांगड्या लाकडाला लागल्याचा आवाज आला. मूल झोपलं की नाही हे आया चाचपून बघतात, तसा काहीसा.

"रव हंयसर," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "आमी जातंव."

तारीने काठी रेटली आणि होडी सुटली. पलीकडे आलो तेव्हा आकाशात थोडा उजेड शिल्लक होता. आम्ही उठून बसलो. बाबांनी आईचा हात धरला होता. मी त्यांना तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तरीवर ताई, भावोजी आणि मुलं कंदील घेऊन थांबली होती. नेलेली माणसं परत आणली हे राखणदाराला सांगून मगच घरी जायचं असतं. बाबा वडाखाली गेले, हात जोडले. "घेवन गेललंय ती माणसां परत इली रे म्हाराजा," एवढं म्हणाले आणि थांबले. पुढे किती माणसं ते सांगायचं होतं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

आई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "सांगा," ती म्हणाली. "आठ सांगा."

बाबांनी डोळे मिटले. "आठ," ते म्हणाले.

होकार आम्ही भरायचा होता. मला जमला नाही, ताईला जमला नाही, तारी मान खाली घालून उभा राहिला. मग आईच म्हणाली, "व्हय म्हाराजा."